जावयाचा भाव

"पुणे जिल्ह्यातली खरी महागाई जर कुणाला ठाऊक असेल, तर ती या गोरखला," असं गोरख ओतूरच्या एसटी स्टँडासमोर चहा पिता पिता छाती ठोकून सांगायचा. ऐकणारे मग चहाचे पैसे त्यालाच द्यायला लावायचे. ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे त्याला दहाचा चहा पंधराला झाल्याचं दुःख कमी होणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

बढाई अगदीच पोकळ नव्हती. गोरखचा धंदाच भाव विचारण्याचा. घ्यायचं काही नाही, नुसतं विचारायचं. पुण्यातल्या राहणीमान पाहणी कक्ष नावाच्या संस्थेनं त्याला अठरा हजारांवर कंत्राटी नेमला होता आणि हातात एक टॅब दिला होता. टॅबात बावन्न वस्तू. तूरडाळ, गोडेतेल, नारळ, सुकट, कटिंग, ब्लाउजची शिलाई, असं एका साध्या घराला महिनाभर जे जे लागतं ते सगळं. दर महिन्याला त्याच गावात, त्याच दुकानात जाऊन त्याच वस्तूचा भाव विचारायचा आणि रकान्यात भरायचा. मागच्या महिन्यापेक्षा आकडा फुगला की पुण्याला कळायचं, महागाई वाढली. गावाला ते आधीच कळलेलं असायचं, पण गावाकडं टॅब नव्हता.

आणि गोरख या कामात खरंच तयार होता. एकच गोष्ट सांगतो. ओतूरच्या वर, डोंगराला टेकून चिंचदरा म्हणून गाव आहे. तिथं गुरुवारच्या बाजारात ठकूबाई सुकट विकायची, ती किलोवर नाही, वाट्यावर. फडक्यावर लहान लहान ढीग मांडलेले, एक ढीग वीस रुपये. गोरखच्या आधीच्या माणसानं चार वर्षं "सुकट, वीस रुपये" एवढंच लिहिलं होतं आणि पुण्यातले साहेब खूश होते, की बाकी काही असो, सुकट स्थिर आहे. गोरखनं खिशातनं स्प्रिंगचा काटा काढला, वाटा कागदात घेतला आणि टांगला. पहिल्या वर्षी भरला दोनशे ग्रॅम. दुसऱ्या वर्षी दीडशे. तिसऱ्या वर्षी शंभर. वीस रुपये जागच्या जागी होते, सुकटच पळाली होती.

"काय मावशी, वाटा आटला?"

"वाटा न्हाई आटला बाबा, माजी बोटं आखडली," ठकूबाई म्हणाली.

तेव्हापासनं कक्षात गोरखचं नाव झालं. त्या कक्षाचा नियम एकच होता, पण कडक. दुकानदार विचारणाऱ्याला ज्या भावानं माल द्यायला तयार आहे, तोच भाव लिहायचा. छापील किंमत चालणार नाही, ऐकीव चालणार नाही, आणि मनानं आकडा घातला की नोकरी गेली. गोरख या नियमावर जीव टाकायचा. "माझ्या टॅबात दहा पैशाची लबाडी सापडली, तर मिशी उतरवीन," असं तो म्हणायचा. मिशी त्याला फारशी नव्हती, पण भावना खरी होती.

तर असा हा भाव विचारणारा माणूस चिंचदऱ्यातच अडकला. ब्लाउजची शिलाई ही यादीतली चव्वेचाळिसावी वस्तू, आणि तिच्यासाठी ठरलेलं दुकान म्हणजे गेणभाऊंची मुलगी स्नेहल हिचं घरातलं शिलाई मशीन. पाच वर्षं गोरख दर महिन्याला ओट्याशी उभा राहून विचारायचा, "ब्लाउज कितीला?" आणि ती सांगायची. एक दिवस ती म्हणाली, "साठ वेळा भाव विचारला तुम्ही. शिवून कधी घेणार?"

"शिवून घ्यायला आधी घरात कुणी पाहिजे ना," गोरख म्हणाला, आणि मग दोघंही टॅबाकडं बघत बसले.

माघात लग्न झालं. मशीन ओतूरला आलं. चव्वेचाळिसाव्या रकान्यात गोरखनं प्रामाणिकपणे "दुकान स्थलांतरित" असं भरलं. कुणामुळं स्थलांतरित, याला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

ओतूरला गोरखची एक खोली. तिच्यात गोरख, स्नेहल आणि गोरखची आई ठमाबाई. मध्ये साडीचा पडदा. पडद्यापलीकडनं ठमाबाई अगदी वेळेवर खोकायची. घरमालकाच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या होत्या, भाडं दोन हजारानं जास्त. त्या दोन हजारांवर नव्या संसाराचं सगळं सुख अडलेलं. आणि नेमका त्याच वेळी पुण्याहून नवा करार आला. त्यात एक कलम होतं. यापुढं जूनच्या पाहणीनंतर ज्याच्या त्याच्या मुख्य गावात जेवढी भाववाढ दिसेल, तेवढीच त्याच्या मानधनात वाढ.

गोरखचं मुख्य गाव चिंचदरा. त्यानं बोटांवर मोजलं. बारा टक्के महागाई वाढली की दोन हजार एकशे साठ रुपये. म्हणजे माडी.

"वाढेल का हो तेवढी?" स्नेहलनं हळू आवाजात विचारलं.

"तेलाचा रंग बघता वाढेल असं वाटतंय," गोरख म्हणाला. महागाई वाढावी म्हणून देवाला हात जोडणारा तालुक्यात तो एकटाच असेल. पलीकडनं ठमाबाई खोकली.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी तो लग्नानंतर पहिल्यांदाच चिंचदऱ्याला कामावर गेला. किराणा दुकानवाले दादाभाऊ इतकी वर्षं मान वर न करता, माश्या हाकलत भाव सांगायचे. आज ते गल्ला सोडून बाहेर आले. दुकानातली एकुलती एक खुर्ची त्यांनी स्वतःच्या टॉवेलनं पुसली.

"बसा पावणं."

"बसायला वेळ नाही दादाभाऊ, बावन्न वस्तू आहेत. डाळ कितीला?"

"घरी समदी बरी हायेत?"

"बरी आहेत. डाळ?"

"नव्वद."

गोरखनं टॅबावरनं मान वर केली. "मागल्या महिन्यात एकशे तीस होती."

"मागल्या म्हैन्यात तुमी कोण व्हता?" दादाभाऊ म्हणाले.

आता गोरखच्या ध्यानात आलं. चिंचदऱ्याची लेक ज्या घरी दिली, त्या घरचा माणूस एकट्या गेणभाऊंचा जावई नसतो, तो आख्ख्या गावाचा जावई असतो. आणि जावयाला पुरता भाव सांगायचा म्हणजे गावाची अब्रू गेली.

"मला नका सांगू. दुसऱ्याला कितीला देता ते सांगा."

"दुसऱ्याचं नाव कशाला काढता राव? दुसरा आन तुमी एक हाये का?"

गोरख मग तिथंच थांबला, म्हटलं दुसरं गिऱ्हाईक येईल, त्याला काय सांगतात ते ऐकू. गिऱ्हाइकं आली. चार आली, सात आली, आणि पिशव्या घेऊन नुसतीच उभी राहिली. जावई दुकानात असताना दुसऱ्याला माल काढायचा नाही, असा दादाभाऊंनी त्याच दिवशी नियम केला होता. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "पावणं, तुमी निघता का? माजी चूल पेटलीय." गोरख निघाला.

ठकूबाईचा वाटा काट्याला लावला तर साडेतीनशे ग्रॅम. "मावशी, बोटं मोकळी झाली वाटतं?" "जावयासाठी व्हत्यात." तिथनं तो कटिंगचा भाव विचारायला रखमाजीच्या सलूनमध्ये शिरला, तर उत्तर यायच्या आधी गळ्याभोवती कापड आणि गालाला साबण लागला. "अहो, नुसता भाव सांगा," गोरख फेसातनं म्हणाला. "जावयाच्या डोक्याचं पैसं घेऊ व्हय?" रखमाजी म्हणाला आणि वस्तरा लावला. कटिंगच्या रकान्यात शून्य गेलं. चिंचदऱ्यात एका महिन्यात महागाई नऊ टक्क्यांनी उतरली आणि गोरख तुकतुकीत तोंडानं घरी आला.

"मी जाते," स्नेहल म्हणाली. "मी साधं गिऱ्हाईक म्हणून विचारून येते."

ती संध्याकाळी दोन पिशव्या भरून आली. वर एक खण.

"भाव?"

"भाव कुणी सांगितलाच नाही. दादाभाऊकाका म्हणाले, लेकीला कुणी भाव सांगतं का?" तिनं खण उलगडून बघितला. "रंग बरा आहे ना?"

शेवटी गोरखनं सासऱ्यालाच गाठलं. गेणभाऊ म्हणजे शांत, विचारी माणूस. पण जे ऐकलं त्यावर नाही, जे ऐकायला हवं होतं असं वाटायचं त्यावर विचार करणारा.

"मामा, गावाला एकदा सांगा. मला असला भाव देऊ नका. मला हा भाव चालत नाही."

गेणभाऊंनी पानाची चंची सोडली. "मग किती चालंल?"

"जास्त पाहिजे, मामा. जास्त. त्यावर माझी पगारवाढ आहे."

गेणभाऊ हसले. "जास्त भाव मागणारा जावई म्या जल्मात बघितला न्हाई. लाजू नका पावणं. बघतो मी."

आणि ते तडक दादाभाऊंकडं गेले. "जावई रुसल्यात," ते म्हणाले. "तुजा भाव पसंत न्हाई त्यांना."

"नव्वद बी जास्त झालं व्हय?" दादाभाऊंना वाईट वाटलं. "पैलं सांगायचं न्हाई का मग?"

एप्रिलमध्ये डाळ साठ झाली. सुकटीचा वाटा अर्ध्या किलोच्या वर गेला, तेव्हा काट्याची स्प्रिंग ताणून ठेवल्यासारखी झाली. गोरखनं सगळं जसंच्या तसं भरलं. काय करणार? विचारणाऱ्याला मिळतो तो भाव, हा नियम, आणि विचारणारा तो स्वतः. दर महिन्याला गावाचा मान वाढत होता आणि माडी लांब जात होती.

मे महिन्यात त्यानं डोकं चालवलं. लेण्याद्रीला निघालेले आणि रस्ता चुकून चिंचदऱ्यात पोचलेले मुंबईकर अधूनमधून दादाभाऊंकडं पाण्याच्या बाटल्या घेतात, हे त्यानं बघितलं होतं. त्यानं हेल्मेट घातलं, वर काळा चष्मा, तोंडाला रुमाल. गाडी दुकानासमोर लावली आणि टीव्हीवरनं शिकलेल्या हिंदीत विचारलं, "भैया, दाल कितने का है?"

"तीनसो बीस," दादाभाऊ मान वर न करता म्हणाले.

"इतना?"

"ऑर्गेनिक हाय."

गोरखला हेल्मेटच्या आत घाम फुटला. साठ खोटा, हे त्याला ठाऊक होतं. पण तीनशे वीसही खोटा. या दोघांच्या मधे कुठंतरी खरा भाव बसला होता आणि तो काही केल्या बाहेर यायला तयार नव्हता. तीनशे वीस भरला असता तर माडीच काय, बंगला झाला असता. बोट रकान्यावर गेलंसुद्धा. पण तेवढ्यात दादाभाऊंची नजर गाडीच्या मागच्या मडगार्डवर गेली. तिथं लाल अक्षरांत "स्नेहल" लिहिलेलं होतं.

दादाभाऊ मटकन खाली बसले. "जावयाला म्या तीनशे वीस सांगितलं. आता गेणभाऊला तोंड कसं दावू?"

"काही हरकत नाही दादाभाऊ. मला ते आवडलं."

"बघा, आजून रुसलेलंच हायेत," दादाभाऊ रडवेल्या आवाजात म्हणाले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी डाळ चाळीसवर आणली आणि पंधरा किलो तेलाचा डबा गाडीला स्वतः बांधून दिला. गोडेतेलाच्या रकान्यात शून्य गेलं.

जूनच्या दुसऱ्या गुरुवारी धोंड्याचा महिना चालू होता. तीन वर्षांनी एकदा येणारा अधिक महिना, त्यात जावयाचा पहिलाच धोंडा. गाव या दिवसाची वाटच बघत होतं. गोरखला वेशीवर ओवाळलं. रखमाजीनं कटिंग करून वर डोक्याला तेल चोळून दिलं. ठकूबाईनं वाटा बिटा केलाच नाही, टोपलीच दिली. दादाभाऊंकडं त्यानं थकलेल्या आवाजात विचारलं, "नारळ कितीला?" तर दादाभाऊंनी नारळ हातात ठेवला, वर अकरा रुपये ठेवले आणि वाकून नमस्कार केला.

आता हा भाव किती म्हणायचा? गोरख चिंचेखाली बसून अर्धा तास विचार करत होता. मिळतो तो भाव. नारळ घेतला की अकरा रुपये मिळतात. म्हणजे उणे अकरा. टॅब उणे आकडा घेईना. गोरखनं शेऱ्यात लिहिलं. टॅब लाल झाला आणि दहा मिनिटांत पुण्याहून फोन आला.

"गोरख," कक्षाच्या श्रेया मॅडम म्हणाल्या, "नारळ उणे अकरा म्हणजे काय?"

"मॅडम, नारळ घेतला की वर अकरा रुपये देतात."

"कोण?"

"दुकानदार."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. "आणि डाळ चाळीस, तेल शून्य? मी पुढच्या गुरुवारी स्वतः पडताळणीला येते. आकडे बनावट निघाले, तर तुम्हाला नियम माहीत आहे."

गोरखला खरं म्हणजे भीतीपेक्षा बरंच वाटलं. मॅडम परक्या. त्यांना खरा भाव मिळेल. मग आपण सरळ सांगून टाकू की मी इथला जावई आहे, आणि मिटलं. खरे आकडे येतील, महागाई वाढेल, माडी मिळेल. त्यानं सासऱ्याला फोन केला.

"मामा, गुरुवारी पुण्याच्या मॅडम भाव तपासायला येतायत. सगळ्यांना सांगा, जो काय असेल तो खरा भाव सांगा. नाहीतर माझी नोकरी जायची."

गेणभाऊंनी शेवटचं वाक्य तेवढं घेतलं आणि मारुतीच्या पारावर गाव बोलावलं.

"जावयाची नोकरी जायची येळ आलीय," ते म्हणाले. "त्यांनी जे लिव्हलंय ते आपल्याच तोंडचं लिव्हलंय. बाईनं इचारलं की तेच सांगायचं. आपल्या जावयाला खोटं पाडायचं न्हाई."

"नारळाचं बी?" दादाभाऊंनी विचारलं.

"नारळाचं बी."

गुरुवारी दहाला मॅडमची जीप आली. गोरखला त्यांनी दहा पावलं लांब उभं केलं, एक शब्द बोलायचा नाही अशा बोलीवर. मॅडम दादाभाऊंपुढं उभ्या राहिल्या.

"तूरडाळ काय भाव?"

दादाभाऊंनी एकदा गेणभाऊंकडं बघितलं. "चाळीस."

"मला?"

"समद्यास्नी."

मॅडमनी डाळ चिमटीत घेऊन दाताखाली फोडली. डाळ उत्तम होती. त्या बाईंच्या चेहऱ्यावरची अधिकारी पाच सेकंद टिकली, मग तिथं कोथरूडला चार माणसांचा स्वयंपाक करणारी बाई आली. "ड्रायव्हर, मागच्या पिशव्या आणा," त्या म्हणाल्या. "दहा किलो द्या. नारळ?"

दादाभाऊंनी नारळ दिला आणि गल्ल्यातनं अकरा रुपये काढून त्याच्यावर ठेवले.

हे सगळं नीट पार पडलंही असतं. पण साडेदहाची ओतूरहून येणारी एसटी नेमकी तेव्हाच समोर थांबली. कंडक्टरनं खिडकीतनं ते अकरा रुपये बघितले. त्यानं घंटी दिली नाही. तो उतरला, विचारलं, आणि परत येऊन एसटीत मोठ्यानं सांगितलं. तेवीस माणसं उतरली. बावीसच म्हणा, एक आजोबा झोपले होते, त्यांना नंतर उठवलं.

दादाभाऊ गल्ला बंद करायला गेले. पण मॅडम शेजारीच पेन घेऊन उभ्या. "साध्या गिऱ्हाइकालाही हाच भाव का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," दादाभाऊ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मॅडमना वाटलं, मिरचीची गोणी फुटली असेल.

तासाभरात दुकानात फक्त तराजू उरला. नारळ संपल्यावर लोक नुसतेच अकरा रुपये मागायला लागले. सलूनसमोर नऊ माणसांची रांग लागली आणि रखमाजी दात ओठ खात फुकट कटिंग करत सुटला. ठकूबाई सगळ्यांत शहाणी. जीप दिसल्याबरोबर तिनं टोपली उचलली आणि "पोट दुखतंय" म्हणून घरी गेली.

गोरखला राहवेना. बोली मोडून तो पुढं आला. "मॅडम, हा खरा भाव नाही."

"गोरख, मी स्वतः घेतलाय. तेवीस लोकांनी घेतलाय."

"मॅडम, मी जावई आहे."

"कुणाचा?"

"या गावाचा."

"मग नशीबवान आहात," मॅडम हसून म्हणाल्या. "इतकं स्वस्त गाव मी बघितलं नाही. आणि ते अकरा रुपये? शहरात आम्ही त्याला कॅशबॅक म्हणतो. बाजार बदलतोय, गोरख. आपण आकड्यांवर विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे." जीप मागनं बरीच खाली बसली होती. ती हळूहळू उतारानं गेली.

गेणभाऊंनी येऊन गोरखच्या खांद्यावर हात ठेवला. "वाचली नोकरी," ते म्हणाले. गोरखला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण तो वाकून सासऱ्याच्या पाया पडला. एका माणसाला खोटं पडू द्यायचं नाही म्हणून आख्खं गाव खोटं बोललं होतं.

आठ दिवसांनी पत्र आलं. स्नेहलनं वाचलं. "आकड्यांची अचूकता शंभर टक्के. कक्षातर्फे अभिनंदन." तिनं पान उलटलं. "मुख्य गावातली भाववाढ बारा टक्के."

"बारा?" गोरख उडालाच.

"उणे आहे हो," स्नेहल म्हणाली. "करारातल्या कलमानुसार मानधन त्याच प्रमाणात."

अठराचे पंधरा हजार आठशे चाळीस झाले. पडद्यापलीकडनं ठमाबाई खोकली. तिला आकडा कळला नव्हता, पण वेळ कळली होती.

स्नेहलनं पत्राची घडी घातली. शिलाईवाली बाई, उरल्या तुकड्यातनं ब्लाउज काढणारी. "अहो, तुमच्या त्या टॅबात सगळ्यात स्वस्त गाव कोणतं?"

"चिंचदरा. सही आहे मॅडमची."

"मग एवढ्या पगारात परवडेल असं तेच एक गाव आहे. बाबांच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत."

गोरखला नाही म्हणता येईना. आकडा त्याचाच होता. त्याला खोटं म्हणायचं, तर मिशी उतरवावी लागली असती. ठमाबाई म्हणाली, "म्या न्हाई यायची पोराच्या सासरवाडीला ऱ्हायला," आणि ती ओतूरलाच राहिली. म्हणजे दोन खोल्या मिळाल्या आणि खोकलाही गेला. गोरख टेम्पोत गाद्यांवर बसून चिंचदऱ्यात शिरला तेव्हा तसा खुशीतच होता.

वेशीजवळ ठकूबाई उभी होती. तिनं कपाट बघितलं, शिलाई मशीन बघितलं, गॅसची टाकी बघितली.

"किती दिस मुक्काम, पावणं?"

"आता इथंच, मावशी. कायमचं."

"आसं व्हय," ठकूबाई म्हणाली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरख दादाभाऊंच्या दुकानात गेला. खुर्ची जागेवर नव्हती. दादाभाऊ माश्या हाकलत होते. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि दादाभाऊ त्यांना माल काढून देत होते.

"दादाभाऊ, एक किलो डाळ."

"थांब, हिचं व्हऊ दे," दादाभाऊ म्हणाले. हिचं झालं. मग त्यांनी मान वर न करता सांगितलं, "एकशे अठ्ठेचाळीस."

"किती?"

"एकशे अठ्ठेचाळीस. तेल एकशे नव्वद. नारळ चाळीस." दादाभाऊंनी आता कुठं वर बघितलं. "घरजावयाला येगळा भाव नसतो, गोरख."

गोरख जागच्या जागी उभा राहिला. चार महिने ज्याच्यामागं तो हेल्मेट घालून धावला, तो खरा भाव आपल्या पायांनी चालत आला होता. बारा टक्के? चौदाच्या खाली नाही, त्यानं मनातल्या मनात काढलं. त्यानं घाईघाईनं पिशवीतनं टॅब काढला आणि चिंचदरा उघडलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं होतं. "पडताळणीत पूर्ण अचूक ठरलेलं केंद्र. आता भाव वर्षातून एकदाच नोंदवावेत. पुढची नोंद, पुढच्या जूनमध्ये."

"घेतो का न्हाई?" दादाभाऊंनी विचारलं. "मागं मानसं उभी हायेत."

गोरखनं टॅब पिशवीत ठेवला आणि पिशवी नीट धरली.

"अर्धाच किलो द्या," तो म्हणाला.